रोल संपला होता

गेल्या आषाढात माझ्या भाचीने पुण्याहून मला एक खोके पाठवले. वरचा कागद सोडवला, आतला कागद सोडवला, भरताड म्हणून घातलेल्या कागदाच्या पट्ट्या उपसल्या, आणि शेवटी हातात आला तो एक कॅमेरा. पण त्याला कॅमेरा म्हणायला जीभ रेटेना. रंग आकाशी, त्यावर गुलाबी फुलांची वेल चढलेली, भिंगाभोवती सोनेरी कडे आणि वजन इतके हलके की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. आमच्या घरातून लगेच अभिप्राय आला, "हळदीकुंकवाला वाटायला बरा आहे!"

सोबत चिठ्ठी होती. "मामा, ही खास सजवलेली आवृत्ती आहे. थोडेच नग काढले आहेत म्हणे. शोभेला ठेवलात तरी चालेल, पण तुम्ही वापराल असं मला वाटतं. यात रोल घालावा लागतो. कोणता घालायचा ते तुम्हीच ठरवा. त्यातलं मला काही कळत नाही, तुम्हाला कळतं."

शेवटचे वाक्य वाचून माझी छाती थोडी फुगली, हे कबूल करायला हवे. निवृत्त शिक्षकाला "तुम्हाला कळतं" असे म्हणणारे माणूस आताशा विरळाच भेटते. मी चष्मा पुसला, कॅमेरा मांडीवर घेतला आणि कोणता रोल घालावा याचा विचार करू लागलो. तो विचार मला सरळ पन्नास वर्षे मागे घेऊन जाईल, अशी मात्र मला कल्पना नव्हती.

या कॅमेऱ्याचे घराणे काही फार थोर नाही. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाँगकाँगच्या एका कारखान्यात 'डायना' नावाचा कॅमेरा निघाला. त्याचे अंग प्लॅस्टिकचे आणि भिंगही प्लॅस्टिकचेच. किंमत अगदी किरकोळ. त्याने काढलेल्या फोटोत मधला भाग बरा येई, कडा पुसट होत आणि कोपरे काळवंडत. झाकणाच्या फटीतून उजेड शिरून एखादा पांढरा पट्टाही उमटे. पुढे १९८० नंतर हाँगकाँगमध्येच 'होल्गा' नावाचा त्याचा धाकटा भाऊ जन्मला. चीनमधल्या सामान्य कुटुंबांना परवडावा म्हणून तो काढलेला होता. या कॅमेऱ्यांना पहिल्यांदा कोणी फारसे गंभीरपणे घेतले नाही. पण ज्यांना निर्दोष फोटोंचा कंटाळा आला होता अशा काही कलावंतांना हे दोषच आवडू लागले. १९९२ मध्ये व्हिएन्नात काही तरुणांनी अशा साध्या कॅमेऱ्यांच्या हौशी लोकांची एक संस्था काढली, आणि २००७ मध्ये त्यांनी डायना नव्याने बाजारात आणली. तेव्हापासून तिला नाना रंगांचे साज चढू लागले. माझ्या मांडीवर बसलेली ही आकाशी वेलबुट्टी त्याच घराण्यातली.

आपल्याकडेही हे सोयरे होतेच. बडोद्याला तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री' माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. काळा ठोकळा. वर उन्हाचे आणि ढगाचे चित्र. ऊन असेल तर उन्हावर काटा ठेवायचा, ढग असेल तर ढगावर. एवढेच त्याचे शास्त्र. एका रोलमध्ये बारा फोटो. पाठीमागच्या लाल खिडकीतून आकडा दिसायचा. एक, दोन, तीन करत बारा आले की खेळ खलास. शिक्षकाची नोकरी लागल्यावर मी पहिली खरेदी केली ती या क्लिक थ्रीची. सायकल त्यानंतर घेतली. त्यावरून माझ्या व्यवहारज्ञानाची कल्पना यावी.

आता रोलचा प्रश्न. ज्यांनी केवळ मोबाइलवर फोटो काढले आहेत त्यांना हा प्रश्न म्हणजे काय हेच समजणार नाही. मोबाइल आपल्यापुढे उजेड किती आहे ते पाहतो आणि त्याप्रमाणे स्वतः जुळवून घेतो. रोलचे तसे नसते. रोल आधी निवडावा लागतो, उजेड नंतर भेटतो. शंभर क्रमांकाचा रोल संथ असतो. त्याला भरपूर ऊन लागते, पण चित्र तलम उतरते. चारशेचा रोल त्याच्या चौपट चपळ असतो. सावलीत, ढगाळ हवेत, ओसरीत तो निभावून नेतो, आणि त्या बदल्यात चित्रात जरा रवाळपणा येतो. या सजवलेल्या कॅमेऱ्याची झडप साधारण एक साठांश सेकंद उघडते. पुढे उन्हासाठी, अर्धवट ढगासाठी आणि पुऱ्या ढगासाठी अशी तीन छिद्रे आहेत. आमच्या जालन्याच्या उन्हात शंभरचा रोल सुखाने चालेल. पण पोळ्याच्या दिवशी आभाळ कसे असेल, हे आषाढात कोणी सांगावे?

शिवाय रोलचे स्वभावही निराळे. निगेटिव्ह रोल सोशिक असतो. उजेड दुप्पट-चौपट जास्त झाला तरी तो सांभाळून घेतो. स्लाइडचा रोल मात्र कडक सासऱ्यासारखा. उजेडात थोडी चूक झाली की चित्र एक तर पांढरे फटक पडते नाही तर काळे ठिक्कर. ज्या कॅमेऱ्याला तीनच छिद्रे आणि जवळपास एकच वेग, त्यात स्लाइडचा रोल घालणे म्हणजे अल्लड मुलीला तसल्या घरात देणे. एवढे मी पाच मिनिटांत ठरवून टाकले. अडलो तो पुढच्या प्रश्नाशी. रंगीत की कृष्णधवल? आणि का कोण जाणे, 'कृष्णधवल' हा शब्द मनात येताच माझ्या कानात एक आवाज झाला. कॅमेऱ्याच्या कळीचा. खट्.

तो आवाज १९७३ च्या वैशाखातला आहे. तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता. तो झाला १ मे १९८१ रोजी. त्या वेळी आमचा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि मी अंबड तालुक्यातल्या एका लहान गावी प्राथमिक शिक्षक होतो. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना कितीही सांगितला तरी थोडाच. विहिरींचे तळ दिसत होते. घराघरांत परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी शिजत होती. गावाबाहेर दुष्काळी काम चालू होते. कालपर्यंत ज्यांच्या दारात सालगडी होते ती माणसे आज त्याच सालगड्यांच्या शेजारी बसून खडी फोडत होती. पोरांना सुकडी मिळत होती. आमची शाळाही अर्धी त्या कामावरच भरे म्हणा ना.

उन्हाळ्याच्या सुटीत एके दिवशी मी क्लिक थ्री गळ्यात अडकवून त्या कामावर गेलो. हेतू वाईट नव्हता. हे सारे कुठेतरी टिपून ठेवावे, असे मनात होते. आमच्या भागाला अशा टिपणाची परंपराही आहे. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० च्या सुमारास, औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांची छायाचित्रे काढली होती. सरकारने काय केले ते दाखवण्यासाठी ती होती. त्या चित्रांतल्या एखाद्या मजुराने आपले स्वतःचे चित्र कधी पाहिले असेल का, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. आता येतो.

कामावर गेल्यावर अर्ध्या तासात माझे बाराही फोटो संपले. लाल खिडकीतून बाराचा आकडाही पुढे सरकून गेला. मी परत निघालो. गावाच्या कडेला एका गोठ्यापुढे एका शेतकऱ्याने मला हटकले.

"मास्तर, घटकाभर थांबा. ह्या जोडीचा येक फोटू काढा. उद्या बाजाराला न्यायची हायेत."

दोन पांढरी खिलारी बैल होते. बरगड्या मोजाव्यात इतके वाळलेले. चारा उरला नव्हता, म्हणून विकायला न्यायचे होते. ते कोण विकत घेणार आणि कशासाठी, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. पण मी होय-नाही म्हणण्याआधीच तो कामाला लागला. घरातून तांब्याभर पाणी आणले. त्या वर्षी तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे त्या वर्षीच्या माणसालाच कळेल. त्या पाण्याने त्याने दोन्ही बैलांची तोंडे पुसली. शिंगांना तेलाचे बोट फिरवले. कपाळाला कुंकू लावले. मागच्या पोळ्याचे गोंडे आढ्याला बांधून ठेवले होते, ते काढून शिंगांना बांधले. मग स्वतः मधे उभा राहिला, एक हात एकाच्या पाठीवर, दुसरा दुसऱ्याच्या, आणि माझ्याकडे पाहू लागला.

त्या वेळी मी म्हणायला हवे होते, "रोल संपला." दोन शब्द. ते मी म्हणालो नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला, एक डोळा मिटला, "हलू नका" असेसुद्धा म्हणालो आणि कळ दाबली. खट्.

त्याचा चेहरा खुलला. मी घरी आलो आणि विसरून गेलो. तुम्हाला खरे वाटणार नाही, पण खरोखरच विसरून गेलो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पोळा आला. दुपारी शाळेच्या दारात तो शेतकरी उभा. हातात फडक्यात बांधलेल्या दोन पुरणपोळ्या.

"मास्तर, तेवढा फोटू झाला आसंल तर द्या. औंदा गोठा रिकामा हाय. मातीचे बैल मांडलेत. पर म्हटलं, आपलीच जोडी पाटावर ठिवावी. निवद त्यांनाच दावावा."

मी म्हणालो, "अहो, तो रोल धुताना खराब झाला."

तो क्षणभर गप्प राहिला. मग मलाच समजावणीच्या सुरात म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. तुमी काय मुद्दाम केलं का? औंदा समद्यांचंच खराब झालं." आणि त्या पोळ्या माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली.

हा प्रसंग मी पुढे एकदाच, एका सहकारी मित्राला सांगितला. तो स्वभावाने सरळ आणि मनाने मोठा. तो म्हणाला, "उगाच जिवाला लावून घेता. त्या दिवशी त्याला आनंद झाला ना? त्याने बैलांना सजवले, त्यांच्यासोबत ताठ उभा राहिला, त्यांचा निरोप घेतला. तुम्ही 'रोल नाही' म्हणाला असता तर तेवढेही झाले नसते. कोणाचे काय बिघडले?"

हा युक्तिवाद मला पुष्कळ वर्षे पुरला. त्यात तथ्य नाही असेही नाही. कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे, एवढ्यानेच माणूस सावरून उभा राहतो. तो उभा राहिला ते खोटे नव्हते. त्याने तांब्याभर पाणी खर्च केले ते खोटे नव्हते. खोटा होता तो फक्त माझा आवाज. पण विचार करता करता माझ्या लक्षात आले की त्याचे सगळे खरेपण त्या एका खोट्या आवाजावर उभे होते. त्याने तांब्याभर पाणी माझ्या भरवशावर खर्च केले. आनंद त्याला झाला खरा, पण तो उधारीचा होता, आणि ती उधारी मी फेडणार नाही हे मला माहीत असताना मी ती केली. सावकारालासुद्धा निदान कागद द्यावा लागतो.

दुसरी सबब मी मनाशी अशी करीत असे की मी तोंडाने काही खोटे बोललो नाही. नुसती कळ दाबली. धर्मराजानेही अश्वत्थामा मेला एवढेच सांगितले होते आणि 'हत्ती' हा शब्द हळूच पुटपुटला होता. त्याचा रथ जमिनीला टेकला तो उच्चारलेल्या शब्दांमुळे टेकला नाही. समोरच्याला काय समजेल हे ठाऊक असताना ते समजू दिले, म्हणून टेकला. माझा रथ आधीपासूनच जमिनीवर चालणारा, म्हणून मला धक्का जाणवला नाही इतकेच.

पण खरा प्रश्न याहून निराळा आहे. रोल संपणे हा माझा गुन्हा नव्हता. बारा म्हणजे बाराच. मग ते सांगायला माझी जीभ का अडली? मी यावर खूप विचार केला आहे, आणि उत्तर मला फारसे शोभणारे नाही. त्या गावात, त्या वर्षी, प्रत्येकाचे हात रिकामे होते. माझा पगार चालू होता आणि माझ्या गळ्यात कॅमेरा होता. कोणीतरी माझ्याकडे काही मागत होते आणि मी ते देऊ शकणारा माणूस होतो. त्या जागेची मला गोडी लागली होती. "माझ्याकडे नाही" असे म्हटले की मी त्या जागेवरून खाली उतरून त्याच्या शेजारी उभा राहिलो असतो. मला उतरायचे नव्हते. द्यायचे काही नसताना देणारा म्हणून मिरवायचे होते. त्याच्या दुःखाची दया आली म्हणून मी कळ दाबली, असे मी स्वतःला सांगत आलो. तिच्यात निम्म्याहून जास्त माझी मिरवणूक होती.

आणि दुसरे खोटे तर पहिल्याहून वाईट. पोळ्याच्या दिवशी "रोल नव्हता, माझे चुकले" असे म्हणायची संधी पुन्हा आली होती. तेव्हा तर दयेचीही सबब नव्हती. रोल खराब झाला असे सांगून मी माझी चूक रोलवर घातली, आणि त्याने बिचाऱ्याने ती दुष्काळावर घातली.

ही हकीकत वाचून एखाद्या तरुण वाचकाला वाटेल की हा प्रश्न जुन्या काळचा झाला. आता खिशाखिशात कॅमेरा आहे, त्याचा रोल कधी संपत नाही. मलाही तसे वाटत असे. पण लग्नकार्यात, जत्रेत, शेताच्या बांधावर पाहतो तर काय, कोणी म्हाताऱ्या आजींचा फोटो काढतो आणि "पाठवतो हं आजी" म्हणून निघून जातो. आजींकडे तसला मोबाइल नसतो, कुठे पाठवणार तेही विचारलेले नसते. हजारो फोटो निघतात, पण ज्याचा फोटो त्याच्या हाती काही पडत नाही. म्हणजे अडचण बाराच्या आकड्याची नव्हती. रोल कधी न संपणाऱ्या कॅमेऱ्यातूनही रिकामी खट् निघू शकते.

तेव्हा कोणता रोल घालावा याचे उत्तर मला वेगळ्याच वाटेने सापडले. आजवर मी विचारत होतो की कोणत्या रोलमध्ये चित्र चांगले येईल. आता असे विचारले, की कोणत्या रोलचे वचन मला पाळता येईल? रंगीत रोल धुण्यासाठी दूर शहरी पाठवावा लागतो. तो कधी येईल आणि मी तोवर असेन की नाही, याचा या वयात भरवसा काय द्यावा! कृष्णधवल रोल मात्र मी घरी धुऊ शकतो. ती विद्या अजून हातात आहे. म्हणून मुंबईहून मी चारशे क्रमांकाचा, इंग्लंडात तयार होणारा इल्फर्डचा कृष्णधवल रोल मागवला. एके काळी उटीला १९६० मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना 'इंदू' नावाची आपली देशी फिल्म काढत असे. तो आता बंद पडला. त्याची आठवण येऊन जरा चुटपुट लागली. असो.

सजावटीबद्दलही माझे मत मधल्या काळात बदलले. ज्यांना स्वच्छ चित्र सहज मिळते ती माणसे पैसे मोजून अंधूक चित्राची हौस करतात, याचे मला प्रथम हसू आले होते. त्या शेतकऱ्याला अंधूक फोटो मिळाला असता तर तो त्याला शैली म्हणाला नसता. पण बैलाच्या शिंगांना आपण रंग देतो, अंगावर झूल घालतो, ते काय त्याने शोभेला उभे राहावे म्हणून? उद्या तो पुन्हा औताला जायचा असतो. दसऱ्याला आपण विळ्याकोयत्याला झेंडूची फुले वाहतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच कापणी करतो. कामाच्या वस्तूला साज चढवण्यात वावगे काही नाही. साज चढवून तिला कामातून उठवले तर मात्र तो तिचा अपमान. तेव्हा वेलबुट्टीचा हा कॅमेरा काचेच्या कपाटात जाणार नाही, हे नक्की झाले.

पोळ्याच्या दिवशी मी मुलाबरोबर त्या गावी गेलो. तो तालुका आता घनसावंगी झाला आहे. शाळा सिमेंटची झाली आहे. दारोदार मोटारसायकली आहेत. बैलजोड्या मात्र थोड्याच. मी त्या शेतकऱ्याची चौकशी केली. तो वारून पुष्कळ वर्षे झाली होती. त्याच्या मुलाने मला ओट्यावर बसवले. तो स्वतः आता साठीचा. दारात ट्रॅक्टर, त्याच्या बोनेटला झेंडूचा हार, आणि ओट्यावर पाटावर मातीचे दोन बैल. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आमचे अण्णा ह्याबद्दल कधी काही बोलले नाहीत."

या वाक्याचा अर्थ मला अजून लागत नाही. कदाचित तो लवकरच विसरून गेला असेल. कदाचित कोणाला सांगावे इतके त्यात काही नाही, असे त्याला वाटले असेल. कदाचित माझी लाज राखण्यासाठी तो गप्प राहिला असेल. यातले काय खरे, हे मला कळण्याचा मार्ग आता नाही. देणे ज्याचे होते तो गेला, म्हणजे देणे फिटले असे होत नाही. एवढेच होते की ते आता त्याला देता येत नाही, दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते.

मी त्या दिवशी गावात बारा फोटो काढले. प्रत्येकाचे नाव वहीत लिहिले. बारा झाल्यावर दोन पोरे धावत आली, "आजोबा, आमचा!" मी कॅमेऱ्याची लाल खिडकी त्यांना दाखवली आणि म्हणालो, "रोल संपला." पोरे हिरमुसली, एक मिनिटभर. मग एकाने विचारले, "परत कधी येणार?" इतके सोपे होते ते.

घरी आल्यावर न्हाणीघर अंधारे केले. आमच्याकडचे पाणी कोमट, आणि औषधाला वीस अंशांचा गारवा हवा, म्हणून भांड्याभोवती बर्फ ठेवला. जालनेकराला पाण्याचा हिशेब जन्मजातच येतो. रोल वाहत्या नळाखाली न धरता, डबी भरून पाच वेळा हलवायची आणि पाणी ओतायचे, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा, एवढ्यात तो स्वच्छ होतो. मोठे करण्याचे यंत्र माझ्याजवळ नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवून, वर काच दाबून, दिव्याचा उजेड दिला. सव्वापाच सेंटिमीटरचे चौकोनी फोटो तयार झाले, आगपेटीहून थोडे मोठे. मधे बैल स्पष्ट, कडा पुसट, कोपरे काळे. घरातून अभिप्राय आला, "आहेत हो चांगले." हळदीकुंकवाचा विषय मागे पडला.

पण बारांत एक घोटाळा झाला होता. या कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर रोल आपल्या हाताने पुढे सरकवावा लागतो. विसरले तरी कळ दाबली जातेच, आणि एकावर एक अशी दोन चित्रे उमटतात. सहाव्या चौकटीत मी तेच केले होते. एका वृद्ध जोडप्याच्या चेहऱ्यांतून दुसऱ्याच घरच्या बैलाची शिंगे निघाली होती. पुण्यातल्या एखाद्या प्रदर्शनात त्याचे कौतुक झाले असते. माझ्या हातापायातले बळ गेले.

भाद्रपदात मी फोटो द्यायला गेलो. दहा जणांच्या हातात फोटो ठेवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. एकाने विचारले, "कोपरे कशानं काळे झाले?" मी म्हणालो, "भिंग साधे आहे." तो म्हणाला, "बैल दिसतायत की झाक!" मग बैलवाल्याकडे गेलो. तो शिंगे बघून हसत सुटला आणि म्हणाला, "येऊ की पुढच्या पोळ्याला." शेवटी त्या वृद्ध जोडप्याच्या घरी गेलो. वाटेत मनात तीन सबबी तयार झाल्या होत्या, आणि तिन्ही चांगल्या होत्या. त्यातली एक तर पन्नास वर्षांपूर्वी वापरून पाहिलेली होती. मी ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "तुमचा फोटो बिघडला. रोल खराब नव्हता. मी पुढे सरकवायला विसरलो. माझी चूक आहे."

म्हातारीने माझ्याकडे पाहिले, जणू मी काही फारच किरकोळ गोष्ट सांगायला एवढ्या लांबून आलो होतो.

"मंग पुन्हा काढा की," ती म्हणाली. "आमी काय कुठं चाललोय का?"

वसुबारसेला गायवासरू सजवून उभे करणार आहेत. दोघे त्यांच्याजवळ उभे राहणार आहेत. मी येतो म्हणून सांगितले आहे. नवा रोल घरात येऊन पडला आहे. तो मी परवाच कॅमेऱ्यात घातला, लाल खिडकीत एकाचा आकडा आणून ठेवला, आणि झोपण्यापूर्वी रोज एकदा तो जागेवर आहे ना, हे पाहतो.